कॅपच्या यादीत हवं कॉलेज लागलं नाही : पालकांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

यादी लागते आणि मुलाच्या लॉगिनमध्ये ‘नो सीट अलॉटेड’ दिसतं, किंवा सीओईपी, व्हीजेटीआय, वालचंद अशी नावाजलेली कॉलेजं मनात धरलेल्या मुलाला भलतंच कॉलेज लागलेलं असतं. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत बहुतेक घरांत कामं उलट्या क्रमाने होतात. आधी एजंटला फोन, मग नातेवाइकांशी चर्चा, मग आई-बाबांचं आपसात भांडण, आणि मुलाशी बोलणं सगळ्यांत शेवटी. त्याच दोन-तीन दिवसांत सीट स्वीकारायची मुदतही संपत आलेली असते. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे: आधी मूल, मग कारण, मग पुढचा फॉर्म, आणि पैसा सगळ्यांत शेवटी.

खालचे फॉर्मचे टप्पे महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी आहेत. घरातल्या वागण्याचे टप्पे मात्र मेडिकल, फार्मसी, आर्किटेक्चर कशालाही तसेच लागू पडतात.

टप्पा 1 : यादी लागण्याच्या आधीची तयारी

सगळ्यांत आधी लॉगिन कुणाच्या हातात आहे ते बघा. बरेच पालक सायबर कॅफेतून किंवा क्लासच्या ऑफिसातून फॉर्म भरून घेतात आणि तिथला माणूस मोबाइल नंबर स्वतःचाच टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो, पासवर्ड त्याच्या वहीत असतो, आणि मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी दुकानाचं शटर बंद. फॉर्ममधला नंबर आणि ईमेल तुमचा किंवा मुलाचाच हवा. दुसऱ्याचा असेल तर तो बदलून घेण्याचं काम आजच करा, आणि पासवर्ड घरातल्या दोघांकडे लिहून ठेवा.

मग फाइल. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड. लागू असेल तसं जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. मूळ प्रती एका प्लास्टिक फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळे. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावरची वैधतेची तारीख स्वतः वाचा. एजंटने ‘चालतंय’ म्हटलं म्हणून सोडून देऊ नका.

तिसरी तयारी मनाची. यादी कोण उघडणार, हे मुलाला विचारून ठरवा. काही मुलांना एकट्याने बघायची असते. तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, आणि त्याच्या लॉगिनमध्ये स्वतःच्या फोनवरून त्याच्या आधी डोकावू नका. निकाल बाबांच्या चेहऱ्यावरून कळणं मुलाला फार लागतं.

*तपासा :* पासवर्ड चालतो का, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, मूळ कागद घरात आहेत की अजून कुठे जमा आहेत.

टप्पा 2 : पहिली रात्र

या रात्री एकही निर्णय घ्यायचा नाही. मुदत अगदी त्याच रात्री संपत असेल तर गोष्ट वेगळी, पण सहसा तशी ती नसते. वेळापत्रकातली शेवटची तारीख आणि वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे ‘काहीतरी करायला हवं’ ही घालमेल तरी कमी होते.

मुलाशी काय बोलायचं? थोडंच. ‘वाईट वाटतंय ना, मलाही वाटतंय. उद्या दुपारी आपण बसून बघू.’ एवढं पुरतं. मग जेवायला वाढा. ते नको म्हणालं तर ताट झाकून ठेवा आणि तासाभराने पुन्हा एकदा विचारा. दर पाच मिनिटांनी नको.

पालकांच्या तोंडून या रात्री निघणारी काही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. बोलणाऱ्याला ती साधी वाटतात, पण मूल ती विसरत नाही:

- ‘क्लासला एवढे पैसे घातले, त्याचं काय?’
- ‘मोबाइल बाजूला ठेवला असतास तर…’
- ‘त्या समोरच्यांच्या मुलीला बघ, तीही याच कॉलेजात होती.’
- ‘आता लोकांना काय तोंड दाखवायचं?’
- ‘जाऊ दे, काही बिघडलं नाही.’

शेवटचं वाक्य पाहून नवल वाटेल. पण दोन वर्षं ज्यासाठी पहाटे उठलो ते गेलं, असं मुलाला वाटत असताना ‘काही बिघडलं नाही’ म्हणणं म्हणजे त्याचं दुःख उडवून लावणं. त्याचं खरंच काहीतरी गेलंय. आधी ते मान्य करा.

तुमचं स्वतःचं दुःखही खरंच आहे. ओव्हरटाइम केलेला असतो, गावाकडचा तुकडा विकलेला असतो, कुणाला स्वतः इंजिनिअर व्हायचं राहून गेलेलं असतं. ते बोलायला हवं, पण मुलाजवळ नाही. बहीण, मित्र, ऑफिसातला सहकारी, यांपैकी कुणाशी तरी गच्चीवर किंवा फिरायला जाऊन बोला. आई-बाबांनी ‘तुझ्या लाडामुळे’, ‘तुझ्या हट्टामुळे’ ही भांडणं बंद दाराआड केली तरी भिंतीपलीकडे ऐकू जातात. आपल्यामुळे आई-बाबा भांडतायत, एवढंच मुलाला त्यातून कळतं.

*सावधान :* ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही मूल बोललं, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, दार लावून कुणालाच भेटेना, रात्रभर जागं राहिलं, तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका. सरळ विचारा: ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं हाताशी राहणार नाहीत असं करा, आणि टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन लावा. ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जिवाला तातडीचा धोका वाटला तर 112, किंवा थेट जवळचं रुग्णालय. तेवढे दिवस प्रवेशाचं बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

टप्पा 3 : नातेवाइकांचे फोन

हे काम छोटं आहे, पण न ठरवता सोडलं तर घर पोखरतं. एक वाक्य ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच बोला: ‘फेऱ्या अजून चालू आहेत, पक्कं झालं की आम्हीच कळवतो.’ सांगलीचे काका असोत की शेजारच्या काकू, उत्तर तेच. आजी-आजोबांना हे आधी समजावून सांगा, कारण लँडलाइन तेच उचलतात. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचा पर्सेंटाइल टाकू नका. कुणी विचारलं तर सांगायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं.

‘फोन द्या त्याच्याकडे, मी समजावतो’ असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

टप्पा 4 : सीट का लागली नाही, ते कागदावर शोधा

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मुलासोबत बसा. रागाने किंवा अपराधीपणाने भरलेली मुलं या बैठकीला ‘तुम्हीच बघा’ म्हणतात. तरी शेजारी बसवा. लॉगिन त्याच्या नावाचं आहे आणि पुढची चार वर्षं त्याची आहेत.

सीट न लागण्याची कारणं साधारण तीन असतात.

पहिलं, प्रवर्गाचा कागद. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला दिलेल्या मुदतीत जमा झाला नाही, तर उमेदवाराचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. घरचे ओबीसीचा कटऑफ बघत बसलेले असतात आणि मूल ओपनच्या यादीत असतं. अंतिम गुणवत्ता यादीत मुलाच्या नावापुढे कोणता प्रवर्ग लिहिला आहे, ते आधी बघा.

दुसरं, पर्सेंटाइल आणि टक्के यांतली गल्लत. 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के गुण नव्हेत. आपण ज्या सत्रात परीक्षा दिली त्यातल्या शंभरातले सुमारे 92 जण आपल्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शंभरातले आठ पुढे म्हणजे थोडेच, असं वाटतं. पण सीईटीला लाखो मुलं बसतात. त्या हिशेबाने पुढचे काही हजारांत जातात, आणि नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा असतात शेकड्यांत. म्हणून गुणवत्ता क्रमांक बघा.

तिसरं, पर्याय कमी भरणं. फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय भरता येतात, आणि तरी कितीतरी मुलं आठ-दहा मोठी नावं भरून थांबतात. सीट लागली नाही म्हणजे मूल कुठल्याच कॉलेजच्या लायकीचं नाही, असा अर्थ घरात काढला जातो. खरं तर भरलेल्या दहांपैकी एकातही जागा मिळाली नाही, एवढंच घडलेलं असतं. हे मुलाला कागदावर दाखवा. रात्रभर डोक्यात ‘मी नापास’ घोळत असलेल्या मुलाला असं आकड्यांतलं कारण दहा धीराच्या शब्दांपेक्षा जास्त आधार देतं.

कटऑफची पीडीएफ कशी वाचायची ते नीट समजून घ्या, कारण इथे फार जण फसतात. प्रत्येक शाखेखाली ‘जी-ओपन-एच’, ‘एल-ओबीसी-ओ’, ‘जी-एससी-एस’ असे रकाने असतात. पहिलं अक्षर: ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर: ‘एच’ गृह विद्यापीठ, ‘ओ’ त्याबाहेरचं विद्यापीठ, ‘एस’ राज्यस्तर. चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक असतो आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी कुठून पास झालं त्यावरून, राहतो कुठे त्यावरून नाही. कोल्हापूरच्या मुलाने बारावी लातूरला केली असेल तर पुण्या-कोल्हापूरच्या कॉलेजांचा ‘एच’चा रकाना त्याचा नाही.

फेरीही तीच बघा. पुढच्या फेरीचा अंदाज गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या यादीवरून बांधाल तर आशाही चुकेल आणि भीतीही. निदान दोन वर्षांच्या, त्याच क्रमांकाच्या फेरीच्या याद्या समोर ठेवा.

*तपासा :* प्रवर्ग, लिंग, गृह विद्यापीठ, गुणवत्ता क्रमांक. या चारपैकी काही चुकीचं नोंदलेलं असेल तर ठरलेल्या मुदतीत लॉगिनमधूनच तक्रार नोंदवा आणि पोचपावती ठेवा. सुविधा केंद्रावर तोंडी सांगून काही नोंदलं जात नाही.

टप्पा 5 : नको असलेलं कॉलेज लागलं असेल तर

इथे मुदतीचं भान हवं. लागलेली सीट ठरल्या वेळेत स्वीकारली नाही, 1,000 रुपये सीट स्वीकृती शुल्क भरलं नाही, तर ती हातची जाते. ‘हे नकोच आहे, पुढच्या फेरीत बघू’ म्हणून काहीच न करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

ऑटो-फ्रीझ, म्हणजे सीट नियमानेच आपोआप पक्की झाली नसेल, तर ती स्वीकारून बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघणं, निवडता येतं. पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला तर आधीची सीट आपोआप रद्द होते. नाही लागला तर हातातली राहते. दोन्ही सीटा ठेवून मग ठरवू, असं होत नाही. म्हणून ‘बघू तरी लागतं का’ म्हणून उत्सुकतेपोटी कुठलंही कॉलेज वर टाकू नका.

ऑटो-फ्रीझचा नियम 2025-26 च्या चार फेऱ्यांमध्ये असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला कुठलाही, तिसऱ्यात पहिल्या सहांतला, चौथ्यात जे लागेल ते. ऑटो-फ्रीझ झालेली सीट नाकारली तरी पुढच्या फेऱ्यांतून मूल बाहेर. फेऱ्यांची संख्या आणि हे आकडे बदलू शकतात, त्यामुळे चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडून तेवढी दोन पानं वाचाच.

टप्पा 6 : पुढच्या फेरीचा फॉर्म भरा

एक कोरा कागद घ्या. मुलाने एकट्याने, तुम्ही शेजारी नसताना, पर्याय लिहायचे. तुम्ही तुमचे वेगळ्या कागदावर. मग दोन्ही समोरासमोर ठेवा. वाद होईल, पण फॉर्म लॉक झाल्यावर होण्यापेक्षा तो आत्ता झालेला बरा.

क्रम लावताना एकच कसोटी: दोन्ही मिळणार असतील तर कोणतं घेशील? संगणक वरून खाली जातो आणि बसेल ते पहिलं कॉलेज देतो. सुरक्षित म्हणून एखादं सोपं कॉलेज वर टाकलं, तर त्याखालच्या चांगल्या कॉलेजांपर्यंत तो पोचतच नाही. आणि अवघड कॉलेज वर ठेवल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. हे समजून घेतलंत तर अर्धा गोंधळ संपतो.

कॉलेज की शाखा, या प्रश्नावर मुलाचं ऐका. मेकॅनिकल मनापासून आवडणाऱ्या मुलीला ‘कॉम्प्युटर मिळतंय ना कुठेतरी’ म्हणून ढकलणं मला पटत नाही. चार वर्षं ती त्या वर्गात बसणार आहे.

फॉर्म लॉक करण्याआधी पहिल्या सहा पर्यायांवर बोट ठेवून एकेक प्रश्न विचारा. इथे लागलं तर जाणार ना? हॉस्टेल किंवा रोजचा प्रवास जमेल ना? फी झेपेल ना? एकाही प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर तो पर्याय खाली सरकवा. नागपूरला पाठवायचंच नाही असं घरात ठरलेलं असताना दुसऱ्या फेरीत नागपूरचं कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं आणि तेच ऑटो-फ्रीझ झालं, तर मग तक्रार करायला जागा नाही.

मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिलेली असते. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा तिच्याशी ताडून बघा.

*तपासा :* फॉर्म सेव्ह केला म्हणजे कन्फर्म झाला असं नाही. लॉक केल्यावर येणारी प्रत डाउनलोड करा, तारीख-वेळ बघा, एक प्रिंट फाइलमध्ये लावा.

टप्पा 7 : ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन

यादी लागली की हे फोन येतातच. मुलाचं नाव, पर्सेंटाइल, सगळं त्यांना माहीत असतं, त्यामुळे माणूस आतला आहे असं वाटतं. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये मंत्र्यांचा कोटा वगैरे काही नसतो. विनाअनुदानित खासगी कॉलेजांत संस्थास्तरावरच्या जागा असतात, 20 टक्क्यांपर्यंत. पण त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्तेनेच भरायच्या असतात, आणि त्या प्रवेशांनाही प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. अर्ज थेट कॉलेजात जाऊन करा, पोच घ्या.

पावतीशिवाय रोख मागितली की उठून या. ती कॅपिटेशन फी आहे, आणि महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने ती घेणं गुन्हा आहे.

आणखी एक हिशेब पालक विसरतात. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसारख्या शुल्क सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला असतात, संस्थास्तराच्या जागेला नाहीत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. घाईघाईत संस्थास्तराची जागा घेतली की ही सवलत चार वर्षांसाठी जाते. घाबरून पैसे भरण्याआधी एवढं गणित मांडा.

टप्पा 8 : ‘ड्रॉप घेऊ का?’

म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देऊ का, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येईलच. तेव्हा हो किंवा नाही, काहीच म्हणू नका. ‘फेऱ्या संपू दे, हातात काय आलं ते बघून बोलू’ एवढंच.

फेऱ्या संपल्यावर मुलाला तीन गोष्टी लिहून आणायला सांगा: या वर्षी नेमके कुठल्या विषयात गुण गेले, पुढच्या वर्षी अभ्यासात काय वेगळं करणार, आणि तरीही नाही जमलं तर कुठला प्रवेश घेणार. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर ड्रॉप धोक्याचा. तुमच्या हट्टापायी घेतलेला ड्रॉप तर त्याहून वाईट. मुलाला थांबायचं नसेल तर विषय तिथेच संपवा.

बीएस्सी, बीसीए, किंवा बारावी विज्ञानावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश आणि तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षात, हेही रस्ते खरे आहेत. ते ‘नाइलाज’ म्हणून मांडू नका, माहिती म्हणून मांडा.

टप्पा 9 : प्रवेश पक्का करताना, आधीचा रद्द करताना

सीट पक्की झाली की मुदतीत कॉलेजात हजर व्हा, मूळ कागद आणि सीट स्वीकृतीची पावती घेऊन. प्रवेश कॉलेजच्या लॉगिनमधून ऑनलाइन नोंदला गेल्याची पावती हातात पडेपर्यंत तिथून निघू नका. फी भरली म्हणजे झालं, असं समजून घरी आलेल्यांचे प्रवेश अडकतात.

दरम्यान दुसरीकडे कुठे फी भरून ठेवली असेल तर तिथे लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, आणि मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. ती तारीख दरवर्षी जाहीर होते, आणि ‘पुढच्या आठवड्यात साहेब आले की या’ असं ऐकत बसलात तर ती निघून जाते. कार्यालयाने अर्ज घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी तोच मजकूर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, आणि स्पीड पोस्टने एक प्रत टाका.